किल्ला आणि कीर्तन

आमच्याकडे पाहुणा आला, की दोन दिवस आनंदात जातात आणि तिसऱ्या दिवशी तो हमखास विचारतो, "तुमच्या भागात पाहण्यासारखं काय आहे?" या प्रश्नाने लातूरकर गोंधळतो. नांदेडकर गुरुद्वाऱ्याकडे बोट दाखवून मोकळा होतो. जयपूर पाहिलेली, म्हैसूर पाहिलेली आणि काशीयात्रा करून आलेली माणसे आमच्यांत पुष्कळ आहेत. लातूरपासून अवघ्या वीस किलोमीटरांवरचा औशाचा किल्ला मात्र आतून पाहिलेली माणसे मोजू लागलो, तर हाताची बोटे पुरतील. हा दोष इतरांवर ढकलण्याचा आमचा हेतू नाही. आम्हीही त्या रस्त्याने वर्षानुवर्षे एस.टी.तून गेलो आहोत आणि तटाच्या भिंतीकडे खिडकीतून पाहून पुन्हा वर्तमानपत्रात डोके घातले आहे.

एका माघात मात्र आम्ही ठरवून औशाला उतरलो. सकाळी किल्ला पाहावा आणि रात्री नाथ संस्थानातील चक्रीभजन ऐकावे, एवढाच बेत होता. त्या दिवशी एक प्रश्न मनात उभा राहिला आणि तो पुढे आम्हांला कंधारला व नांदेडलाही घेऊन गेला. ज्या सत्तेने एवढा किल्ला बांधला, तिचा आवाज आज कुठेच ऐकू येत नाही. आणि ज्यांच्या हाती ना तोफ होती ना खंदक, त्यांचे गाणे त्याच गावात आजही चालू आहे. असे का व्हावे? या प्रश्नाचा विचार आपल्यासमोर मांडायचा आहे.

आधी किल्ल्याचे पाहू. किल्ला म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजगड, रायगड उभे राहतात. सह्याद्रीने शिवरायांना कडे दिले, त्यांवर त्यांनी तट चढविले. आमच्या बालाघाटाच्या पठारावर निसर्गाने ही सोय क्वचितच केली आहे. येथे सपाट काळी जमीन, मधून मधून ओढे आणि दूरवर दिसणारे आभाळ. म्हणून येथला किल्ला भुईकोट असतो. डोंगराची उंची नाही, तर तिच्या जागी खंदकाची खोली. कड्याची अडचण नाही, तर तिच्या जागी दुहेरी तट. औशाच्या बांधणाऱ्याने याहून पुढची युक्ती केली आहे. किल्ला उंचवट्यावर न बांधता त्याने तो खोलगट जागी बसविला. भोवतालची जमीन चढती. त्यामुळे आतल्या उंच बुरुजावरून दूरवरची फौज दिसते. पण त्या फौजेला किल्ल्याचा बराचसा भाग जवळ येईपर्यंत दिसतच नाही. खंदक ठिकठिकाणी शंभर फुटांहून रुंद आहे. तोफांचे युग सुरू झाल्यावर उंच भिंतीपेक्षा दडलेली भिंत अधिक उपयोगाची, हे ज्याला कळले तो कारागीर साधा नव्हता.

या किल्ल्याच्या उभारणीचे श्रेय परंपरा बहमनी वजीर महमूद गवान याला देते. बीदरची प्रसिद्ध मदरसा बांधणारा हाच तो विद्वान मुत्सद्दी. १४८१ मध्ये खोट्या पत्राच्या आरोपावरून त्याच्याच सुलतानाने त्याचा शिरच्छेद करविला आणि बहमनी राज्याची चिरफळी उडण्यास सुरुवात झाली. त्या पडझडीत बीदरच्या कासिम बरीदाच्या वाट्याला जे मुख्य किल्ले आले, ते होते औसा, उदगीर आणि कंधार. ही तीन नावे पुढे दीडशे वर्षे इतिहासात जोडीनेच येतात. बीदर, अहमदनगर आणि विजापूर या तीन दरबारांच्या सीमा याच मुलखात एकमेकींना भिडत. कोणाचे कोणाशी बिनसले, की पहिला घोडा आमच्या जवारीतून जाई. सोळाव्या शतकाच्या मध्यास अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाने हे तीनही किल्ले बरीदांकडून घेतले. पुढे मलिक अंबरच्या काळात निजामशाहीचा नामधारी राजा मूर्तजा काही दिवस औशाच्याच किल्ल्यात राहिला. राज्याची राजधानी मोगलांनी घेतलेली, राजा दुसऱ्याच्या मुठीत, आणि त्याचा दरबार आमच्या या आडगावात. तोफेच्या आवाजाने कंधार १६३१ मध्ये मोगलांकडे गेले. उदगीर आणि औसा १६३६ मध्ये. उदगीरचा किल्लेदार सिद्दी मिफ्ताह काही महिने झुंजला, एवढी एक गोष्ट त्या शरणागतीच्या कथेत मनाला धीर देते.

त्यानंतर हा सारा मुलूख मोगलांकडून निजामाकडे आला. १७६० च्या फेब्रुवारीत सदाशिवरावभाऊंनी उदगीरहून निघालेल्या निजामाच्या फौजेला औशाच्या परिसरात कोंडले. इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी आपले काम केले, आणि साठ लाखांचा मुलूख पेशव्यांना मिळाला. विजयाची ही बातमी ताजी असतानाच, परतूरच्या मुक्कामी, दत्ताजी शिंदे पडल्याची वार्ता पोचली. तेथूनच भाऊ उत्तरेकडे वळले आणि पुढच्या जानेवारीत पानिपत झाले. पानिपतच्या वाटेचा पहिला टप्पा आमच्या शेतांतून गेला आहे, हे आमच्या मुलांना शाळेत कोणी फारसे सांगत नाही.

एवढा इतिहास ज्या तटाने पाहिला, तो तट आज काय बोलतो? आम्ही फिरलो त्या सकाळी आत बाभळी वाढल्या होत्या. बुरुजावर तोफ होती. तिच्या तोंडात चिमण्यांनी काड्या भरल्या होत्या. पायऱ्यांच्या विहिरीत पाणी होते आणि पाण्यावर शेवाळ. वाट दाखवायला आलेला म्हातारा गुराखी म्हणाला, "आमच्या आज्याच्या वेळेला दरवाज्यात नगारा वाजायचा म्हणत्यात." आम्ही त्याला विचारले, तो कोण वाजवी? त्याला ठाऊक नव्हते, आणि आम्हांलाही नव्हते.

त्या नगाऱ्यावर आम्ही नंतर पुष्कळ विचार केला. प्रत्येक मोठ्या किल्ल्याला नगारखाना असे. ठरल्या प्रहराला चौघडा झडे, सनई वाजे, आणि गावाला वेळ कळे. ते केवळ संगीत नव्हते; येथे कोण धनी आहे याची ती दररोजची द्वाही होती. वाजंत्री पगारी. धनी बदलला तर तोच चौघडा दुसऱ्या धन्याच्या नावाने वाजे, आणि धनीच उरला नाही तेव्हा चौघडाही थांबला. दरबारी संगीताचे प्राक्तन बहुधा असेच असते. विजापूरचा दुसरा इब्राहीम आदिलशहा स्वतः गायक आणि रचनाकार होता. 'किताबे नवरस' हा त्याचा गीतसंग्रह आजही अभ्यासिला जातो. संगीताच्या वेडापायी त्याने १५९९ मध्ये विजापूरजवळ नवरसपूर नावाचे शहरच वसवायला घेतले. पंचवीस वर्षांनी, १६२४ मध्ये, ते शहर ज्याने उद्ध्वस्त केले तो मलिक अंबरच. औशाचा किल्ला ज्याच्या हाती होता तोच. गाण्याचे शहर एका स्वारीत संपले, कारण ते गाणे एका राजाचे होते.

त्याच दिवशी रात्री आम्ही भजनाला बसलो. औशाच्या नाथ संस्थानाची परंपरा वीरनाथ महाराज, मल्लिनाथ महाराज या सत्पुरुषांपासून सांगितली जाते, आणि चक्रीभजन ही तिची खूण आहे. नुसते बसून गाणे तेथे नाही. भजनकरी गोल धरतात, गाता गाता फिरतात, पावले ठेक्यावर पडतात, आणि गाणे व फिरणे यांचा वेग एकमेकांना ओढत नेतो. पाहणारा प्रथम पाहत असतो. थोड्या वेळाने त्याची मान हलू लागते. मग टाळी सुरू होते, आणि पुढे केव्हातरी तो धृपद धरून मोठ्याने गात असतो. आमच्या शेजारी एक किराणा दुकानदार बसले होते. दिवसा त्यांच्याकडून आम्ही काडेपेटी घेतली, तेव्हा ते चार शब्दही बोलले नव्हते. रात्री त्यांचा आवाज सर्वांच्या वर होता. माघवारीला हेच भजन पंढरपुरी होते, आणि औशाचे नाव आज महाराष्ट्रात जितके किल्ल्यामुळे ठाऊक आहे, त्याहून अधिक या भजनामुळे ठाऊक आहे.

येथे आमचे पहिले उत्तर तयार झाले. चौघडा एकाचा होता, म्हणून संपला. भजन सर्वांचे आहे, म्हणून टिकले. उत्तर सोपे होते, आणि सोप्या उत्तराची इतिहासाने नेहमी झडती घ्यावी लागते. ती घेण्यासाठी आम्ही कंधार आणि नांदेड पाहिले.

कंधार मन्याड नदीच्या काठी आहे. राष्ट्रकूटांचे हे मोठे नगर. तिसऱ्या कृष्णाच्या, म्हणजे दहाव्या शतकाच्या, वैभवाशी परंपरा या किल्ल्याचा संबंध जोडते. जगत्तुंग समुद्र या राष्ट्रकूटांच्या बिरुदाचा तलाव अजून त्याच नावाने ओळखला जातो. एका प्रचंड क्षेत्रपालाच्या मूर्तीचे अवशेष येथे सापडले आहेत. त्यांच्याजवळ उभे राहिले, की संपूर्ण मूर्ती केवढी असेल या विचाराने छाती दडपते. नगराचा राखणदार म्हणून ज्याला उभे केले, त्याचेच तुकडे झाले. त्याच गावात हाजी सय्याह सरवर मखदूम यांचा दर्गा आहे. उरुसाला आसपासची खेडी लोटतात, त्यांत हिंदू किती आणि मुसलमान किती हे कोणी मोजत नाही, आणि रात्री कव्वाली चालते. येथेही किल्ला मुका आणि फकिराचे दार बोलते असाच प्रकार दिसला.

नांदेडला हा विषय अधिक खोल जातो. गोदावरीच्या वळणावर, तीन बाजूंनी पाण्याचा वेढा असलेला नंदगिरीचा किल्ला आहे. नांदेडकरांतही तो पाहिलेले थोडे. शहराचे नाव जगभर गेले आहे ते १७०८ या सालामुळे. औरंगजेबानंतर गादीवर आलेला बहादूरशहा आपल्या भावाशी, कामबक्षाशी, लढायला दक्षिणेत निघाला; त्याच्या छावणीबरोबर गुरू गोविंदसिंग गोदातीरी आले. माधोदास बैराग्याचा बंदा बहादूर येथेच झाला. येथेच गुरूंवर घातकी हल्ला झाला, आणि ७ ऑक्टोबर १७०८ रोजी त्यांनी देह ठेवला. त्यापूर्वी त्यांनी सांगितले, की यापुढे देहधारी गुरू नाही, ग्रंथ हाच गुरू. १८३२ ते १८३७ या काळात पंजाबचे महाराजा रणजितसिंग यांनी येथील तख्ताची वास्तू उभारविली.

हा गुरू असलेला ग्रंथ वाचायचा तसाच गायचाही आहे. १६०४ मध्ये गुरू अर्जुनदेवांनी त्याचे संकलन केले. आज तो ज्या रूपात आहे, त्यात पदांची मांडणी एकतीस रागांनुसार आहे. त्यांत आमच्या नामदेवांची ६१ पदे आहेत. शिंपी कुळातला हा संत; परंपरा त्याचे मूळ गाव नरसी सांगते, आणि ते आज हिंगोली जिल्ह्यात आहे. पंढरीहून तो उत्तरेत गेला, पंजाबात घुमान येथे राहिला आणि तेथल्या लोकांच्या बोलीत गायला. ती पदे पंजाबने जपली, ग्रंथात घेतली; आणि १७०८ नंतर तो ग्रंथ ज्या नगरीत गुरुपदी बसला, ती नगरी नरसीपासून दोन-तीन दिवसांच्या पायवाटेवर! साडेतीनशे वर्षांनी नामदेवांचा शब्द पंजाबचा पोशाख घालून माहेरी आला. २०१५ मध्ये घुमानला मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा आपण सर्वांनी मोठे कौतुक केले. पण घुमानला जाण्याइतके भाडे ज्याच्याजवळ नाही, त्याने पहाटे नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात जाऊन बसावे. रागी गात असतात. शब्द सगळे कळत नाहीत. अचानक 'नामा' हे नाव कानी पडते, आणि मराठी माणूस दचकून मान वर करतो.

आता आमच्या सोप्या उत्तराची झडती घेऊ. भजन सर्वांचे म्हणून टिकले, हे खरे. पण त्यालाही आश्रय लागलाच. नांदेडची वास्तू रणजितसिंगांच्या द्रव्यावर उभी राहिली. दर्ग्यांना आणि मठांना इनामे होती, ती राजांनीच दिली. तेव्हा राजाश्रय असला की संगीत मरते आणि लोकाश्रय असला की जगते, असे म्हणता येत नाही. फरक एवढाच, की एकीकडे राजाने दिलेले धन राजाच्या नावाच्या चौघड्याला गेले, आणि दुसरीकडे ते अशा दाराला गेले, जेथे ऐकणाऱ्याला गाणारा होण्याची मुभा होती. इनाम गेले, संस्थाने गेली, १९४८ च्या सप्टेंबरात निजामाचे राज्यही गेले. दार उघडे होते म्हणून माणसे येत राहिली.

पण याहून मोठा धक्का आम्हांला पुढे बसला. आम्ही समजत होतो, की दगड गेला आणि सूर राहिला. खरोखर राहिला काय? गुरूंच्या काळात कीर्तनाला रबाब होता, ताऊस, सरंदा अशी तंतुवाद्ये होती. आज बहुतेक ठिकाणी बाजाची पेटी आहे. ती मूळची युरोपातली. पॅरिसच्या दबँ या कारागिराने १८४२ मध्ये तिचे स्वामित्व घेतले, आणि मग ती हिंदुस्थानात आली. ग्रंथात रागाचे नाव लिहिले आहे, चाल लिहिलेली नाही. म्हणजे १७०८ साली गोदातीरी जे ऐकू आले, तेच आपण ऐकतो असे छातीवर हात ठेवून म्हणता येणार नाही. औशाच्या भजनातल्या कित्येक चाली एखाद्या म्हाताऱ्याच्या गळ्यात आहेत, आणि त्यांची लेखी नोंद बहुधा कोठेच नाही. किल्ल्याची लांबीरुंदी गॅझेटियरात आहे, तोफांवरचे लेख वाचलेले आहेत, फार्सी तवारिखांत वेढ्यांच्या तारखा आहेत. निलंग्याला जन्मलेल्या सेतुमाधवराव पगडींसारख्या विद्वानाने अशा फार्सी साधनांचे दरवाजे मराठी वाचकाला उघडून दिले. सुराची अशी तवारीख कोणी लिहिली? पडलेला दगड निदान पडल्या जागी सापडतो. विसरलेली चाल कोठे शोधायची?

ही भीती कल्पनेतली नाही, हे या भागातल्या माणसाला सांगावे लागू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे औसा तालुक्यातल्याच किल्लारीच्या परिसरात जमीन हादरली. गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतरची ती पहाट. सुमारे दहा हजार माणसे गेली; बावन्न गावे नव्या जागी वसवावी लागली. दगडमातीची जाड भिंत म्हणजे सुरक्षितता, हा आमचा पिढ्यान्‌पिढ्यांचा समज त्या पहाटे मोडला. घरे पुन्हा बांधता आली. ज्या गावाचा एकमेव जाणता मृदंगी किंवा जात्यावरच्या शेकडो ओव्या पाठ असलेली म्हातारी त्या ढिगाऱ्याखाली गेली, त्या गावाचे काय गेले, याचा आकडा कोणत्याही अहवालात येणे शक्य नव्हते. तेव्हापासून आम्ही 'गाणे अमर आहे' असे वाक्य सहसा उच्चारीत नाही. गाणे दररोज कोणीतरी गायले तरच असते.

म्हणून आमचे दुसरे उत्तर पहिल्यापेक्षा नम्र आहे. किल्ला मुका झाला, कारण त्याला राखणाऱ्यांची गरज संपली. भजन, कव्वाली, कीर्तन बोलते राहिले, कारण त्यांना राखणारे रोज येत होते. ते यायचे थांबले, तर तीही औशाच्या चौघड्यासारखीच थांबतील. आणि उलट बाजूने, राखणारे मिळाले तर किल्लाही बोलू लागेल.

मग आपण काय करावे? मोठ्या योजना सरकारवर सोपवू. आपल्या हातचे सांगतो. येत्या हिवाळ्यात शाळेची सहल दूरच्या थंड हवेच्या ठिकाणी नेण्याऐवजी एकदा औशाला, उदगीरला किंवा कंधारला न्यावी. मुलांना तटावर उभे करून विचारावे, की शत्रू कोणत्या दिशेने दिसला असता. इतिहास त्यांना पुस्तकापेक्षा लवकर कळेल. त्याच दिवशी रात्री त्यांना भजनाला बसवावे, किंवा नांदेडला नेऊन कीर्तन ऐकवावे. आणि ज्यांच्या खिशात आज ध्वनी टिपणारे यंत्र आहे, म्हणजे या सभामंडपातील जवळजवळ प्रत्येकाच्या, त्यांनी आपल्या घरच्या किंवा गल्लीतल्या वृद्धाजवळ बसून एक चाल टिपून घ्यावी. कोणाकडून शिकलात, कोणत्या गावी, कोणत्या साली, एवढे विचारून लिहून ठेवावे. पगड्यांनी फार्सी कागदांसाठी जे केले, त्याचा हा लहानसा, प्रत्येकाला झेपणारा वाटा आहे.

औशाहून निघण्यापूर्वी त्या संध्याकाळी आम्ही पुन्हा एकदा तटावर चढलो होतो. दिवस मावळत होता. गुराखी म्हातारा गुरे घेऊन दरवाज्यातून बाहेर पडत होता. गावातून कोणीतरी मृदंगाला शाई चढवून थाप मारून पाहत होते. आवाज बरोबर येईना, म्हणून पुन्हा पुन्हा मारीत होते. म्हातारा थांबला, क्षणभर ऐकले आणि म्हणाला, "अजून चढवायला पायजे." मग गुरे हाकीत निघून गेला. नगारा कोण वाजवी हे त्याला ठाऊक नव्हते. पण मृदंग कधी लागतो हे त्याला ठाऊक होते. नगाऱ्याबद्दल त्याला आजोबाने नुसते सांगितले होते. मृदंग मात्र त्याने स्वतः, अनेक वर्षे, जवळ बसून ऐकला होता.